पाच वाजताचा नमुना

साखर मोजण्यासाठी मला २९ वर्षं पगार मिळतोय. कराडच्या बाजूच्या एका सहकारी साखर कारखान्यात मी लॅब केमिस्ट आहे. पाळीवर आलं की रसाचे नमुने यायला लागतात. ब्रिक्स (रसात विरघळलेला एकूण घन भाग) बघायचा, पोल (त्यातली साखर) बघायचा, तक्त्यात भरायचं, पुढच्या पाळीवाल्याच्या हाती द्यायचं. आणि माझ्या अंगात ११ वर्षांचा मधुमेह. यावरचा विनोद कारखान्यात इतक्यांदा झालाय की आता कुणी हसत नाही. खरी लाजेची गोष्ट निराळी. कारखान्याच्या साखरेचा तासातासाला हिशोब ठेवणारा मी स्वतःची साखर तीन-चार महिन्यांतून एकदा तपासायचो, तीही बायको मागे लागली तर. जानेवारी २०२१ मध्ये एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी, ८.४ आलं. डॉक्टर म्हणाले, सातच्या आसपास आणा. मी म्हटलं, हंगाम संपू दे.

हंगाम संपत आला आणि ६ एप्रिलला मला ताप भरला. पंचेचाळीसच्या पुढच्या सगळ्यांना १ एप्रिलपासून कोविडची लस सुरू झाली होती. मी ३ तारखेला घेऊन आलो होतो, म्हणून दोन दिवस लसीचाच ताप समजून काढले. तिसऱ्या दिवशी चहाला वास येईना. बायकोनं नाकाखाली कांदा धरला, तोही नाही. मग गल्लीतल्या एका डॉक्टरांकडे मुलगा जाऊन आला. त्यांनी पुड्या बांधून दिल्या, सकाळी एक, रात्री एक. स्वॅबचा रिपोर्ट यायला आणखी दोन दिवस गेले.

या दिवसांत मी जवळजवळ जेवतच नव्हतो. भाताची पेज दोन घोट, ताक, एखादी मोसंबी. खात नाही म्हणून साखर कमी होईल या भीतीनं मी माझी ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची गोळीही मनानंच बंद केली. हा माझा पहिला गाढवपणा. ९ तारखेला सकाळी सहज ग्लुकोमीटर काढला तर २१४. १० तारखेला दुपारी ३१२. पोटात अन्न नाही आणि रक्तात ३१२, हे आलं कुठून? लॅबमध्ये असा आकडा आला तर आधी नमुन्यावर संशय घ्यायचा अशी सवय. बोटं हुंगली, म्हणजे हुंगायचा प्रयत्न केला, वास येतोय कुठे! पण नुकतीच मोसंबी सोलली होती हे आठवलं. साबणानं हात धुतले, पुसले, पुन्हा टोचलं. २५६. म्हणजे छप्पन्न मोसंबीचे होते. (उसाचा रस बोटाला असता तर इतका फरक पडला नसता. ग्लुकोमीटरला ग्लुकोज दिसतं, उसातली सुक्रोज दिसत नाही. आमच्या पोलॅरिमीटरचं काम सुक्रोज बघण्याचं. इतक्या तापातही मला हे सुचलं याचं बायकोला आजही नवल वाटतं.)

उरलेले २५६ मात्र खरे होते. त्याचं कारण पुढे वॉर्डात कळलं. अंगात संसर्ग पेटला की शरीर कॉर्टिसोल, ॲड्रेनॅलिन असली संप्रेरकं सोडतं. त्यांच्या हुकमानं यकृत साठवलेली साखर रक्तात ओतायला लागतं आणि इन्सुलिनला शरीर दाद देईनासं होतं. म्हणजे आपण खाल्लं नाही तरी घरची कोठी उघडीच. अशा वेळी जेवण कमी झालं म्हणून मधुमेहाची औषधं मनानं बंद करायची नसतात, डॉक्टरांना फोन करायचा असतो.

त्यात आईचा काढा. आलं, तुळस, दालचिनी, मिरी आणि ढेपेतला मुठीएवढा गूळ. दिवसातून तीनदा. मी नको म्हटलं तर म्हणाली, "गुळानं काय हुतंय? साखर हाय व्हय ती?" गुळात सुक्रोज किती असतं हे मी जन्मभर मोजलंय, पण ८१ वर्षांची आई दाराबाहेर काठी टेकून उभी राहिली की माणूस पितो.

आणि त्या पुड्या. मुलीनं पुण्याहून व्हिडिओ कॉलवर सांगितलं, पप्पा, पुडीतल्या गोळ्या कॅमेऱ्यासमोर धरा. सुट्ट्या गोळ्या, नावगाव काही नाही. मुलानं डॉक्टरांकडे जाऊन पाकीट बघायला मागितलं तेव्हा कळलं, त्यातली एक मेथिलप्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड. तेव्हा माझा ऑक्सिजन ९६ होता. जून २०२० मध्येच ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीतून बाहेर आलं होतं की डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड रोज ६ मिलिग्रॅम दिल्यानं ऑक्सिजनवरचे आणि व्हेंटिलेटरवरचे रुग्ण जास्त वाचतात, पण ज्यांना ऑक्सिजन लागतच नाही त्यांना त्याचा फायदा दिसत नाही. त्या चाचणीचं नाव रिकव्हरी. आमच्या धंद्यात रिकव्हरी म्हणजे शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली तो आकडा. माझ्या रक्तातली रिकव्हरी त्या गोळीनं वाढवली, एवढं मात्र नक्की. पुढे मे महिन्यात एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया टीव्हीवर लवकर स्टेरॉइड घेऊ नका म्हणून सांगत होते, तेव्हा बायकोनं माझ्याकडे नुसतं बघितलं. त्या डॉक्टरांवर मी फार राग धरत नाही. दारात शंभर माणसं उभी होती. पण मधुमेही माणसाला पुडीतून स्टेरॉइड द्यायचं आणि साखर तपासा एवढंही सांगायचं नाही, हे मला आजही पटत नाही.

१३ एप्रिल, गुढीपाडवा. सकाळी कडुलिंबाची पानं चावली, कडू लागली नाहीत. सहा मिनिटं घरातल्या घरात चालून बोटाला ऑक्सिमीटर लावला. ९६ वरून ९१. दुपारी छातीच्या सीटी स्कॅनचा स्कोअर, म्हणजे फुफ्फुसं किती धरली गेलीत तो आकडा, २५ पैकी ११. संध्याकाळी मुलानं कुठून कुठून फोन लावून एका कोविड रुग्णालयात बेड मिळवला. निघताना बायकोनं पिशवीत चार्जर, टॉवेल, दासबोध आणि माझा ग्लुकोमीटर टाकला, पट्ट्यांच्या दोन डब्यांसह. मी म्हटलं, तिथं असतंच की सगळं. ती म्हणाली, "अहो, असू द्या."

दाखल होताना साखर ३८६. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन लेखी बंद केलं. ऑक्सिजन कमी असताना, मूत्रपिंडावर ताण असताना ते दिलं तर रक्तात लॅक्टिक आम्ल साचायचा धोका असतो. पलीकडच्या खाटेवरच्या गृहस्थांची डापाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची गोळी काढली. ती साखर लघवीवाटे बाहेर टाकते, पाणीही नेते, आणि अशा आजारात कीटोन साचून रक्त आम्लधर्मी होण्याचं प्रकरण होऊ शकतं. सगळ्यांना एकच सांगणं, इथं असेपर्यंत इन्सुलिन. मी अकरा वर्षं ज्या सुईला घाबरून गोळ्या वाढवून घेत होतो, ती सुई पहिल्या रात्रीच पोटात गेली. मुंगी चावल्याइतकंही दुखलं नाही. अकरा वर्षं उगीच घालवली म्हणायची.

वॉर्डात ३० खाटा आणि रात्रपाळीला दोन सिस्टर. पीपीई किटमध्ये घामानं निथळत त्या सकाळी सहाला सगळ्या मधुमेह्यांची बोटं टोचत जायच्या. माझी दुसऱ्या दिवशी सकाळची साखर आली १४८. राउंडचे डॉक्टर म्हणाले, "छान आहे, कंट्रोलमध्ये आहे." मला बरं वाटलं. नऊला डेक्सामेथासोनचं इंजेक्शन, त्यानंतर नाश्ता. नाश्त्याला शिरा. होय, शिरा. कोविडच्या वॉर्डात, जिथं निम्मे मधुमेही होते, तिथं साजूक तुपातला शिरा आणि साखरेचा चहा. दुपारी डाळ-भात, चारला ग्लुकोजची बिस्किटं. कंत्राटदाराला कुणी सांगितलंच नसणार.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला तोंड कोरडं पडलं, चार वेळा लघवीला झालं. ऑक्सिजनची नळी नाकात ठेवून पिशवीतला ग्लुकोमीटर काढला. ४६२.

सकाळी १४८, संध्याकाळी ४६२. हात धुतलेले होते. मी पुन्हा टोचलं, ४५५. सिस्टरना हाक मारली. त्या धावत आल्या, डॉक्टरांना फोन केला, साखर किती तर इन्सुलिन किती या वॉर्डातल्या तक्त्याप्रमाणे इन्सुलिन दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी १५६. राउंडला पुन्हा "छान".

इथं माझ्यातला केमिस्ट जागा झाला. कारखान्यात नवीन पोरं आली की त्यांना पहिला धडा हाच देतो, पाळीत एकदाच नमुना घेऊन आठ तासांचा हिशोब मांडायचा नाही. ऊस बदलतो, फडाफडाचा रस वेगळा, गिरणीवर पाणी कमीजास्त होतं. थोडा थोडा वेळ काढून घेतलेल्या नमुन्यांवर पाळीचं गणित बसतं. माझ्या रक्ताचा नमुना मात्र दिवसातून एकदा आणि तोही सगळ्यात चांगल्या वेळेला घेतला जात होता. मी औषधाच्या खोक्याची मागची बाजू फाडून तक्ता आखला. सकाळी ६, दुपारी १२, ५, रात्री ९, पहाटे ३. समोर साखर, काय खाल्लं, कोणतं इंजेक्शन किती वाजता, ऑक्सिजन किती. दोन दिवस भरला. आकडे बघून कुणालाही कळलं असतं. सकाळी दीडशेच्या आसपास, बाराला अडीचशे, पाचला साडेचारशे, नऊला साडेतीनशे, पहाटे तीनला १८०.

तिसऱ्या दिवशी राउंडला एक तरुण डॉक्टर मुलगी आली. चेहरा दिसला नाही, आजही रस्त्यात भेटली तर ओळखणार नाही. मी पुठ्ठा पुढे केला. तिनं उभ्या उभ्या वाचला आणि विचारलं, "काका, हे पाच वाजताचे आकडे कुणी घेतले?"

"मी."

"शिक्षक आहात का?"

"साखर कारखान्यात आहे."

ती मास्कच्या आत हसली असावी. मग दोन मिनिटांत जे सांगितलं ते मला अकरा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, किंवा मी ऐकलं नव्हतं. सकाळी नऊला दिलेल्या स्टेरॉइडचा साखरेवरचा जोर दुपारनंतर चढतो आणि रात्री उशिरा उतरायला लागतो. म्हणून सकाळची उपाशीपोटीची साखर अशा रुग्णात फसवते. आणि साखर वाढली की मग तक्ता बघून इन्सुलिन द्यायचं, ही मागून धावायची पद्धत. जेवणाच्या आधी ठरलेलं इन्सुलिन दिलं आणि वर लागेल तेवढी भर घातली तर साखर चढतानाच धरता येते. तिनं नाश्ता, दुपार, रात्र या तिन्ही जेवणांआधी साधं इन्सुलिन लिहिलं, दुपारचं सगळ्यात जास्त, आणि रात्री एकदा ग्लार्जिन, जे दिवसभर मंद चालतं. वॉर्डातलं उद्दिष्ट सांगितलं १४० ते १८०. "शंभरच्या खाली आणायचा हट्ट नको. इथं साखर खाली गेली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तर ते जास्त वाईट." जाताना सिस्टरना म्हणाली, सगळ्या स्टेरॉइडवाल्यांची पाचची साखर बघायची.

दोन सिस्टर आणि तीस खाटा, कशी बघणार? मीच बघायला लागलो. नळी लांब होती, शेजारच्या दोन खाटांपर्यंत हात पोचायचा. प्रत्येकाला वेगळी सुई, एवढी काळजी घेत होतो. डावीकडे ३८ वर्षांचा एक टेम्पोवाला होता. त्याला मधुमेह नाही, असं तो सांगायचा. त्याची साखर ४१०. त्याचं एचबीए१सी पाठवलं ते ९.८ आलं, म्हणजे आजार कोविडच्या आधीपासून घरात येऊन बसला होता, ओळख आता झाली. उजवीकडे बीडकडचा एक मुकादम, ऊसतोडीची टोळी घेऊन आलेला, हंगाम संपून गावी जायच्या बेतात असताना आजारी पडलेला. तो रोज विचारायचा, "साहेब, माझी रिकव्हरी किती?" मी आकडा सांगायचो. २० तारखेच्या रात्री त्याला आयसीयूत हलवलं. त्याची साखर तोवर २०० च्या खाली आली होती. ऑक्सिजन काही वर आला नाही. २२ ला त्याची खाट दुसऱ्याला दिली.

माझा पाचचा आकडा मात्र उतरत गेला. ४६२, ३९०, ३१८, २६०, २१०, १९२. शिऱ्याऐवजी मुलगा रोज गेटवर डबा ठेवायचा, ज्वारीची भाकरी, उसळ, दोन उकडलेली अंडी. भावकीतनं खजूर, फळांचे रस, शहाळी यायची, ती टेम्पोवाल्याला दिली असती पण त्याचीही पंचाईत. वॉर्डमामांना दिली.

२४ एप्रिलला घरी सोडलं. कागदावर स्टेरॉइडची गोळी, १६ मिलिग्रॅम काही दिवस, मग ८, मग ४, मग बंद. आणि इन्सुलिन, वॉर्डात होतं तसंच. घरी आल्यावर पहिला घोळ सिरिंजचा. दुकानांत टंचाई, मुलगा मिळेल ते घेऊन आला. बाटली ४० युनिटची, सिरिंज केशरी टोपणाची, म्हणजे १०० युनिटची. आपल्याकडे ४० च्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज लागते. केशरी सिरिंजनं १२ च्या खुणेपर्यंत भरलं असतं तर ०.१२ मिलिलिटर गेलं असतं, म्हणजे ५ युनिटही नाही. उलटं झालं असतं, १०० चं इन्सुलिन लाल सिरिंजनं, तर १२ च्या जागी ३० युनिट गेले असते आणि मी हे लिहायला नसतो. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे ना, एवढं घरातल्या प्रत्येकाला कळलं पाहिजे. मी मुलाला कागदावर गणित मांडून दाखवलं. तो म्हणाला, "पप्पा, बरे झालात तुम्ही."

बरा कुठला! २७ च्या पहाटे तीनला जाग आली ती घामानं. बनियन पिळून काढावी इतकी ओली. हात थरथरतायत, छातीत धडधड. मला वाटलं, ऑक्सिजन गेला. ऑक्सिमीटर ९६ दाखवतोय. मग ग्लुकोमीटर. ५२.

बायकोनं तीन चमचे साखर पाण्यात कालवून दिली. कामगारांना सवलतीत मिळते ती, आमच्याच कारखान्याची. मी लॅबमध्ये पास केलेली साखर त्या पहाटे मला स्वतःला लागली. पंधरा मिनिटांनी ८१. मग अर्धी भाकरी दुधात कुस्करून. मग दोघंही उजाडेपर्यंत बसून राहिलो.

सकाळी त्या डॉक्टर मुलीच्या वॉर्डाचा फोन लागेना, तेव्हा माझ्या नेहमीच्या फिजिशियनना फोन केला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "स्टेरॉइड कमी झालं, इन्सुलिन कमी केलंत का?" नव्हतं केलं. कागदावर लिहिलेलं नव्हतं. गोळी वेगळ्या स्टेरॉइडची, आकडा मोठा दिसला तरी वॉर्डातल्या इंजेक्शनच्या मानानं जोर आधीच अर्ध्यावर आला होता, पहाटे तर तो आणखी ओसरलेला, आणि रात्रीचं ग्लार्जिन मात्र पूर्ण. माझ्या तक्त्यात हे स्पष्ट दिसत होतं, पहाटे तीनचा आकडा रोज खाली येत होता. १३८, ११०, ८४. मी पाचच्या आकड्याकडे डोळे लावून बसलो आणि तीनचा वाचलाच नाही. नवीन पोराला मी यासाठी शिव्या दिल्या असत्या.

डॉक्टरांनी रात्रीचा डोस त्याच दिवशी उतरवला आणि सांगितलं, गोळीचा प्रत्येक टप्पा उतरला की मला फोन. ८ वर आलो तेव्हा दुपारचं कमी झालं, ४ वर आलो तेव्हा रात्रीचं बंद. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात इन्सुलिन पूर्ण सुटलं आणि गोळ्या परत आल्या. टेम्पोवाल्यालाही मी फोन करून हे सांगितलं. त्याच्याही कागदावर लिहिलेलं नव्हतं.

मधे १६ मेच्या सुमाराला डावा गाल दुखायला लागला. त्या दिवसांत म्युकरमायकोसिसच्या, म्हणजे काळ्या बुरशीच्या, बातम्यांशिवाय पेपर येत नव्हता. महाराष्ट्रात रुग्ण वाढत होते, त्यावरचं औषध ॲम्फोटेरिसिन मिळत नव्हतं, लोक चिठ्ठ्या घेऊन जिल्हा जिल्हा फिरत होते. एका बाजूचा चेहरा दुखणं, नाकातून काळसर स्राव, दात हलणं, एकाची दोन दिसणं, ही लक्षणं मला पाठ झाली होती. वाढलेली साखर आणि स्टेरॉइड, बुरशीला हवं ते सगळं माझ्याकडे होऊन गेलं होतं. त्याच दिवशी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नाकात दुर्बीण घातली. ती दोन मिनिटं मी डोळे मिटून आकडे आठवत होतो, गेल्या तीन आठवड्यांचे, पाच वाजताचे, २०० च्या आतले. ते म्हणाले, "स्वच्छ आहे. दाढ किडलीय, दातवाल्याकडे जा." दाढ काढल्याचा एवढा आनंद कुणाला झाला नसेल.

सप्टेंबरमध्ये एचबीए१सी ७.१. हे तीन महिन्यांच्या सरासरीचं, हंगामअखेरच्या रिकव्हरीसारखं. चांगलं आहे, पण सरासरीत ४६२ आणि ५२ दोन्ही लपतात हे मला आता माहीत आहे, म्हणून पट्ट्यांची डबी घरातली संपू देत नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी कारखाना सुरू झाला. गव्हाणीत मोळी पडली, काही दिवसांनी पहिल्या पोत्यांचं पूजन झालं. चेअरमन, फोटो, नारळ आणि प्रत्येकाच्या हातावर पेढा. सगळे माझ्याकडे बघत होते. मी खाल्ला. आई म्हणाली असती, पेढ्यानं काय हुतंय. संध्याकाळी लॅबच्या टेबलावर रसाचा पाचचा नमुना लावला आणि शेजारी माझंही बोट टोचलं. रसाचा आकडा तक्त्यात गेला, माझा वहीत. १९८. कंसात लिहिलं, पेढा एक.